गादीवर काय अंथरायचे ते शेतकरी ठरवील

स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर काय अंथरावे, याचा सल्ला देणाऱ्यांची सध्या वाण नाही. पुण्या-मुंबईहून महाबळेश्वरला आलेला पाहुणा बांधावर पडलेला फाटका काळा कागद पाहून नाक मुरडतो. 'कृष्णेच्या उगमाची काय दशा केलीत' असे आपल्यालाच ऐकवतो आणि क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी खाऊन घाट उतरतो. सरकारी योजनेची यादी सांगते की आच्छादन म्हणजे प्लॅस्टिक, अनुदान त्यालाच. सेंद्रियवाले मित्र म्हणतात, जुन्या माणसांसारखे काड पसरा, सगळे आपोआप ठीक होईल. तिघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि तिघांपैकी एकाच्याही हातात शेतकऱ्याच्या हिशेबाची वही नाही.

जिल्ह्याच्या बैठकीत आच्छादनाचा विषय निघणार आहे. प्लॅस्टिकच्या आच्छादनावर बंदीच मागावी, असा एक सूर आहे. आम्हाला तो मान्य नाही. प्लॅस्टिक निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पेंढा, पाचट, गव्हाचे काड ही आच्छादने आपल्या भागात कितीतरी जास्त वापरली जायला हवीत असे आम्हालाही वाटते. पण ती बंदीच्या काठीने येणार नाहीत. ती का येत नाहीत, हे आधी पाहावे लागेल.

पहिल्यांदा प्लॅस्टिकची बाजू. ज्याला आपण सारे 'मल्चिंग पेपर' म्हणतो त्यात पेपर नावालाही नसतो, ते निव्वळ पॉलिथीन. तरी शेतकऱ्याने ते उगाच घेतलेले नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण झाली की काळ्या कागदाखालची माती उबदार राहते, रोप लवकर धरते आणि फळ लवकर सुरू होते. नाताळच्या आधी बाजारात गेलेल्या पेटीला जो भाव मिळतो तो मार्चात मिळत नाही, हे भिलारच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काळ्या कागदाखाली तण उगवत नाही, म्हणजे खुरपणीची मजुरी वाचते. ठिबकचे पाणी गादीतच राहते. फळ मातीला टेकत नाही. एकरी वीस-पंचवीस हजार रोपे सांभाळणाऱ्या माणसाला यातली एकेक गोष्ट मोलाची आहे. शहाण्या माणसाने केलेली ही निवड आहे. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एक हंगाम गादीशेजारी उकिडवे बसून तण काढून दाखवावे.

पण वहीचे शेवटचे पान कोणी उघडत नाही. साधा हिशेब करू. पंचवीस मायक्रॉनचा कागद एका किलोत साधारण ४३ चौरस मीटर भरतो. सव्वा मीटर रुंदीचा कागद दीड मीटरच्या गाळ्याने अंथरला तर एकरात तीन हजार चौरस मीटरच्या वर कागद लागतो, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलो. हंगाम संपला की हे सगळे उचलायचे. आणले तेव्हा स्वच्छ गुंडाळी होती. काढताना चिंध्या असतात, त्यांना माती, मुळे, कुजकी पाने चिकटलेली असतात आणि वजन वाढलेले असते. असला मातीने माखलेला माल भंगारवाला घेत नाही. घेतला तर उपकार केल्यासारखा घेतो. मे महिना आहे, पावसाळा तोंडावर आहे, पुढच्या हंगामाच्या मातृरोपांची धावपळ आहे. शेतकरी काय करील? थोडा कागद बांधाला पडतो, थोडा ओढ्याला लागतो, उरलेला काडी लावून पेटवला जातो. त्यानंतर जूनमध्ये महाबळेश्वरच्या डोक्यावर जो पाऊस कोसळतो, तो बांधावरचे सगळे कृष्णेत, वेण्णेत, कोयनेत नेऊन टाकतो. या नद्यांचे पाणी खाली आपलेच भाऊबंद पितात.

आणि जो तुकडा वाहून गेला नाही तो मातीत राहिला. तो दिसत नाही म्हणून गेला असे नाही. चीनमध्ये कापसाच्या आणि मक्याच्या शेतात वर्षानुवर्षे फार पातळ कागद अंथरला गेला. तो उचलताच येईना, जमिनीत थरावर थर साचला, मुळांची आणि पाण्याची वाट अडू लागली. शेवटी २०१८ साली तिथल्या सरकारला निदान जाडी ठरवून द्यावी लागली, कारण जाड कागद निदान उचलता तरी येतो. आपला कागद त्यांच्यापेक्षा जाड आहे, हे आपले नशीब. पण दर वर्षी चार-दोन टक्के तुकडे मातीत राहिले तर वीस वर्षांनी काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे?

आता काडाची बाजू. इंग्रजीत स्ट्रॉ म्हणजे काड. स्ट्रॉबेरीचे नाव त्यावरूनच पडले की नाही यावर भाषेचे पंडित भांडत असतात, त्यांना भांडू द्या. फळाखाली काड घालायची रीत विलायतेत जुनी आहे, एवढे खरे. आणि ती रीत केवळ फळ स्वच्छ राहावे म्हणून टिकलेली नाही. करपा आणि फळकूज पसरवणारी बुरशी उडते ती पावसाच्या थेंबाबरोबर. थेंब गुळगुळीत प्लॅस्टिकवर आपटला की शिंतोडा लांब जातो, एका रोगट फळावरची बीजे शेजारच्या चार रोपांवर बसतात. तोच थेंब काडावर पडला तर काड त्याला जिरवून टाकते. अमेरिकेत ओहायो राज्यात १९९० च्या दशकात कृत्रिम पाऊस पाडून हे मोजून पाहिले आहे. प्लॅस्टिकवर रोगाचा प्रसार जास्त, काडावर कमी. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस ज्याच्या गादीवर पडून गेला आहे त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. फवारणीचे औषध किती वाचेल, हा प्रश्न वहीत लिहिण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट मार्च-एप्रिलची. जी ऊब ऑक्टोबरात हवी असते तीच ऊब मार्चात नको होते. उन्हात काळा कागद तापतो, मुळे शेकतात, फळ लहान पडते, कागदाला टेकलेले फळ भाजल्यासारखे होते. काडाखालची माती थंड राहते आणि हंगामाची शेपटी लांबते. म्हणून कित्येक ठिकाणी चंदेरी-काळा कागद आला, तो उन्हाला परतवतो. काड तेच काम करते, आणि हंगाम संपल्यावर ते उचलावे लागत नाही. कुजून मातीत जाते.

पण काड आपोआप सगळे ठीक करते, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. काडाचे दोष आहेत. ते सांगितल्याशिवाय कोणी काड घ्या म्हणत असेल तर तोही एक प्रकारचा विक्रेताच.

लागणीबरोबर काड पसरले तर माती थंड पडते आणि रोप बसून राहते. पहिले चार-पाच आठवडे गादी उघडी ठेवून दोन खुरपण्या कराव्यात, पहिले घोस वाकू लागले की काड सारावे, हे बरे. थर बोटभर घातला तर तण त्यातून हसत वर येते. दोन-तीन इंचांचा हवा, आणि त्याला एकरी दोन-तीन टन माल लागतो. रोपाच्या गड्ड्यावर काड येता कामा नये, नाहीतर गड्डा कुजतो. प्रत्येक रोपाची पाने एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने काड सारायचे, असे हे काम आहे. ते बहुतेक बायाच करतात आणि त्यांची मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. भाताचा पेंढा नीट झोडपलेला नसेल तर गादीवर भात उगवतो. त्याला उपाय सोपा आहे. पेंढा आधी ओला करून ढिगात टाकावा, जे उगवायचे ते तिथे उगवू द्यावे. ओल्या वर्षी काडाखाली गोगलगायी लपतात, कोरड्या वर्षी वाळवी लागते, आणि उंदराला तर घरच मिळते. काड मातीत कालवले तर ते कुजताना नत्र ओढून घेते आणि रोप पिवळे पडते. वरच्या वर ठेवले तर हा त्रास नगण्य. रोपवाटिकेत तर काड घालूच नये. तिथे धुमाऱ्यांना मातीत मूळ धरायचे असते.

आणि थंडीचे एक. वेण्णा तलावाच्या भोवतालच्या खोलगट जागेत काही पहाटे दव गोठते. दिवसा तापलेली माती रात्री जी ऊब वर सोडते, तिला काडाचा थर अडवतो. अशा जागी काडाने फुलाला हिमाचा फटका जास्त बसू शकतो. तिथल्या शेतकऱ्याने जानेवारी उलटेपर्यंत गादीवर काड घालू नये. भिलारला जे चालेल ते लिंगमळ्याला चालेलच असे नाही, आणि म्हणूनच मुंबईत बसून सगळ्यांना एकच आच्छादन ठरवून देणे हा मूर्खपणा आहे, मग ते प्लॅस्टिक असो की काड.

आम्हाला सर्वांत व्यवहारी वाटते ती मधली वाट. गादीवर कागद आणि सरीत काड. तोडणीला माणूस सरीतून चालतो, चिखल सरीत होतो, शिंतोडा सरीतून उडतो, तणही तिथेच माजते. सरीत जाड थर घातला तर निम्मा फायदा तिथेच पदरात पडतो आणि नाताळच्या आधीचे फळही हातचे जात नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तेच काड सरीतून उचलून कागदावर सारावे, म्हणजे कागद तापत नाही. ज्याला लवकरच्या भावाची घाई नाही, ज्याचा माल मार्चनंतर जॅम-सरबताच्या कारखान्याला जातो, त्याने काही गाद्या नुसत्या काडावर घेऊन पाहायला हरकत नाही.

आता काड आणायचे कुठून? भाताचा पेंढा जावळीत आहे, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत आहे. पण तो गुरांच्या तोंडचा घास आहे. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने पेंढा गादीवर घालावा असे आम्ही म्हणणार नाही. गव्हाचे काड नव्या हंगामाचे हाती येते ते मार्च-एप्रिलात, तेव्हा ते साठवून ठेवावे लागेल. खरा साठा खाली आहे. वाई, भुईंज, सातारा, कराड या पट्ट्यात ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन वाळले पाचट रानात पडते. जनावर ते खात नाही. ते लवकर कुजतही नाही, आणि आच्छादनाला तेच हवे असते. ऊसतोड सुरू होते नोव्हेंबरात. स्ट्रॉबेरीला काड सारायची वेळ होते तीही नोव्हेंबरात. दोन्ही वेळा जणू ठरवून जुळलेल्या आहेत. आणि आपण काय करतो? खाली वाईच्या रानात पाचट पेटवतो आणि वर पठारावर प्लॅस्टिक पेटवतो. दोन्हीकडचा धूर पसरणीच्या घाटात एकमेकांना भेटतो.

मधे अंतर तीस-बत्तीस किलोमीटरचे. स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन खाली गेलेले टेम्पो परत येताना रिकामे येतात. पाचट हलके आणि फुगीर असते, सुटे भरले तर टेम्पोत हवाच जास्त जाते. गठ्ठे बांधणारे यंत्र लागते. ती यंत्रे आता ऊसपट्ट्यात फिरू लागली आहेत, आणि गठ्ठे जळणासाठी कारखान्यांकडेही जातात. म्हणजे पाचटाला गिऱ्हाईक आहे, ते फुकट मिळेल अशी आशा धरू नये. ऊसवाल्यालाही चार पैसे मिळाले पाहिजेत. मात्र त्याच्याही जमिनीला पाचटाची गरज आहे. खोडव्यात त्याने ते ठेवले तर त्याचा फायदा होतो. मागायचे ते जे जळणार आहे ते. जे त्याच्या रानात कुजणार आहे ते त्याला राहू द्या.

इतके सगळे जुळत असताना पाचट घाट चढून वर का येत नाही? इथे अनुदानाची गोष्ट येते. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना काढून बघा. बाबीचे नावच 'प्लॅस्टिक आच्छादन'. हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरला, निम्मे अनुदान, एका शेतकऱ्याला दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे त्या वेळच्या दराने एकरी ६,४०० रुपये. हे पैसे शेतकऱ्याच्या नावाने निघतात. पण तो ते पाचटाच्या गठ्ठ्यावर खर्च करू शकत नाही, काड सारणाऱ्या बाईच्या मजुरीवर खर्च करू शकत नाही. बिल कागदाचेच लागते. मग हे अनुदान शेतकऱ्याला की कागद बनवणाऱ्याला? शेतकरी मधला हमाल. इकडून पैसे घ्यायचे, तिकडे नेऊन द्यायचे, आणि वर पाठीवर सत्तर किलो चिंध्या वाहायच्या.

कागद विकणाऱ्याची जबाबदारी बिल फाडले की संपते. कागद जाळला तर गुन्हेगार शेतकरी. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली बंदी घातली, दंडही ठरवला. दुकानातल्या वेष्टनाच्या प्लॅस्टिकची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्या कंपन्यांवर टाकणारी तत्त्वे २०२२ साली आली. शेतातला कागद वेष्टन नव्हे, त्यामुळे तो त्यातून निसटला. राज्याने २०१८ साली प्लॅस्टिकबंदी केली तेव्हा शेतीच्या वापराला सूट दिली. सूट दिली हे बरेच झाले, पण सुटीबरोबर उरलेल्या मालाची व्यवस्था दिली नाही. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर आहे. शेतकऱ्याला घराची भिंत वाढवायची तर या कागदावर बोट ठेवले जाते. त्याच मुलखात दर वर्षी टनावारी पॉलिथीन सरकारी मदतीने मातीत जाते, त्यावर मात्र कोणाचे बोट उठत नाही.

म्हणून बंदी मागणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे असे. बंदी आली तर पहिली धाड आपल्याच बांधावर पडेल. तपासणीला येणारा साहेब कारखान्यात जाणार नाही, तो शिवारात येईल. आणि ज्या वर्षी बंदी येईल त्या वर्षी पाचटाचा गठ्ठा तिप्पट दराने विकला जाईल. आपल्या गळ्यात दोर घालायला आपणच ठराव कशाला करायचा?

त्याऐवजी दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, आच्छादनाचे अनुदान द्यायचेच असेल तर ते क्षेत्रावर द्या, वस्तूवर नको. एकराला जी रक्कम ठरेल ती शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा. त्याने कागद घालावा, पाचट घालावे, पेंढा घालावा, की निम्मे निम्मे. आणि अनुदान द्यायचेच नसेल तर सगळ्यांचेच बंद करा. त्यालाही आमची तक्रार नाही. निदान वजनाच्या एका पारड्यावर बोट ठेवून काड महाग पडते असे तरी कोणी म्हणणार नाही. दुसरी, ज्याने कागद विकला त्याने वापरलेला कागद किलोवर ठरलेल्या दराने परत घ्यावा, मातीसकट. वाईला आणि पाचगणीला मे महिन्यात गोळा करायची जागा असावी. विकताना किलोमागे चार पैसे अनामत घेऊन ठेवली तरी चालेल. सोड्याच्या बाटलीची अनामत आपण वर्षानुवर्षे दिलेली आहे.

हे मागताना हातात आकडे हवेत, आणि ते दुसरा कोणी आणून देणार नाही. महाबळेश्वरला राहुरी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरीच्या गाद्यांवर तिथे शेजारी शेजारी चाचणी घ्या, अशी मागणी बैठकीतून जरूर जावी. पण तिच्या निकालाची वाट पाहत बसायची गरज नाही. येत्या हंगामात गावागावातल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या तीन गाद्या वेगळ्या काढाव्यात. एक नुसती कागदाची, एक कागद आणि सरीत पाचट, एक नुसत्या पाचटाची. प्रत्येक गादीची पहिली तोडणी कोणत्या तारखेला झाली, एकूण किती किलो फळ निघाले, त्यातले कुजके किती, किती फवारण्या केल्या, खुरपणीला आणि काड सारायला किती बाया किती दिवस लागल्या, पाण्याचा वॉल्व किती वेळ चालू ठेवला, आणि शेवटी गादी साफ करायला काय खर्च आला, एवढे वहीत लिहावे. शेवटची नोंद कोणी विसरू नये. तोडलेले फळ गादीवार वेगळे मोजायचा कंटाळा येतो, म्हणून हे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावे. ती चुकत नाही.

वह्या मे महिन्याच्या बैठकीला घेऊन याव्यात. कागदाच्या गादीच्या चिंध्याही वजन करून, पोत्यात भरून आणाव्यात. ती पोती कोणाच्या दारात नेऊन ठेवायची, ते त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवू.